एकाच अक्षवृत्तावरील ठिकाणांच्या तापमानांत एवढा फरक का पडतो?

जिज्ञासू_४३
नमस्कार. गेले काही दिवस मी जगाचा जानेवारी महिन्याचा समताप रेषांचा, म्हणजे समान तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा पाहत आहे. विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे जाताना सूर्यकिरण अधिकाधिक तिरपे होत जातात आणि म्हणून तापमान घटत जाते, हे तत्त्व मला समजते. परंतु तापमान केवळ त्यावरच अवलंबून असते, तर या रेषा अक्षवृत्तांना समांतर असायला हव्या होत्या. दक्षिण गोलार्धात त्या बऱ्याच अंशी तशा आहेतही. उत्तर गोलार्धात मात्र त्या खंडांवरून जाताना दक्षिणेकडे आणि महासागरांवरून जाताना उत्तरेकडे झुकतात. फ्रान्समधील मार्सेय आणि रशियातील व्लादिवोस्तोक ही दोन्ही बंदरे साधारण ४३ अंश उत्तर अक्षवृत्तावर आहेत. पण जानेवारीत पहिल्याचे सरासरी तापमान ७ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर दुसऱ्याचे उणे १२ अंशांच्या आसपास असते. जमीन आणि पाणी यांतील फरक हे कारण सांगितले जाते, परंतु येथे तर समुद्र दोघांच्याही दाराशी आहे. मग हा फरक येतो कुठून?

भूगोल_अभ्यासक
आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. माझ्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत: एखाद्या ठिकाणी उष्णता किती येते आणि आलेल्या उष्णतेचे पुढे काय होते. अक्षवृत्त प्रामुख्याने पहिल्या गोष्टीचा निर्णय करते. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असेल, तर त्याच्या किरणांची तीच शलाका, तो डोक्यावर असतानाच्या तुलनेत दुप्पट क्षेत्रावर पसरते आणि वातावरणातील तिचा प्रवासही जवळजवळ दुप्पट लांबीचा होतो.

दुसऱ्या गोष्टीत जमीन आणि पाणी यांचे वागणे अगदी भिन्न आहे. तेवढ्याच वस्तुमानाच्या कोरड्या मातीपेक्षा पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास चार ते पाच पट उष्णता लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते; पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पाण्याचे घुसळणे. जमिनीवर पडलेली ऊब ऋतुमानानुसार जेमतेम काही मीटर खोल पोहोचते. समुद्रात मात्र प्रकाश आत शिरतो, वारे आणि लाटा वरचे पाणी ढवळतात आणि उन्हाळ्यातील उष्णता पन्नास-शंभर मीटर जाडीच्या थरात साठून राहते. हिवाळ्यात ती हळूहळू हवेला परत मिळते. खंडाच्या अंतर्भागाजवळ असा साठा नसतो. सायबेरियातील वेर्खोयान्स्क येथे १८९२ मध्ये उणे ६७.८ अंश आणि जून २०२० मध्ये ३८ अंश तापमान नोंदले गेले. म्हणजे एकाच गावी शंभर अंशांहून मोठी तफावत!

दक्षिण गोलार्धातील रेषा सरळ का, याचे उत्तरही यातच आहे. तेथे जमिनीचा वाटा सुमारे १९ टक्केच आहे, उत्तरेत तो ३९ टक्क्यांच्या घरात जातो. आणि ६० अंश दक्षिण अक्षवृत्तावर तर जवळजवळ अखंड पाणीच आहे.

वाऱ्याची_दिशा
वरील विवेचन पटण्याजोगे आहे, परंतु मार्सेय आणि व्लादिवोस्तोक यांचे कोडे त्याने सुटत नाही. समुद्र जवळ असणे पुरेसे नसते. वारा त्या समुद्रावरून आपल्याकडे यावा लागतो. मध्य अक्षवृत्तांत वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांना महासागरावरची सौम्य हवा मिळते आणि पूर्व किनाऱ्यांना खंड ओलांडून आलेली. आशियात याच्या जोडीला हिवाळ्यात सायबेरियावर जड, थंड हवेचा मोठा जास्त भाराचा पट्टा तयार होतो आणि त्यातून वायव्येकडून निघणारे वारे व्लादिवोस्तोकवरून समुद्राकडे जातात. त्या बंदराला समुद्र आहे, पण जानेवारीत त्याची ऊब वाऱ्याबरोबर दूर निघून जाते. मार्सेयला उत्तरेकडून थंड वारे मधूनमधून झोडपतात हे खरे. तरीही त्याच्या पश्चिमेला अटलांटिक आणि दक्षिणेला हिवाळ्यातही उबदार राहणारा भूमध्य समुद्र आहे.

पश्चिम युरोपच्या सौम्य हिवाळ्याचे सारे श्रेय गल्फ प्रवाहाला, म्हणजे अटलांटिकमधील उबदार सागरी प्रवाहाला, देण्याची सवय आहे. तो प्रवाह उष्णता उत्तरेकडे नेतो, यात शंका नाही; पण उन्हाळ्यात महासागराने जागच्या जागी साठवलेली उष्णता आणि ती वाहून आणणारे पश्चिमी वारे यांचा उल्लेख न करणे हे विषयाला न्याय देणारे नाही.

जिज्ञासू_४३
आपण दोघांनीही मनापासून समजावून सांगितले, त्याबद्दल आभारी आहे. वाऱ्याचा विचार मी केलाच नव्हता. त्यावरून आणखी एक शंका आली. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते. मग संपूर्ण पृथ्वीची सरासरी तेव्हा सर्वाधिक असते का?

भूगोल_अभ्यासक
नाही, उलट स्थिती आहे. जानेवारीत सूर्य सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असतो, जुलैत १५.२ कोटींवर, त्यामुळे जानेवारीत पृथ्वीला जवळपास सात टक्के अधिक ऊर्जा मिळते. तरीही पृथ्वीपृष्ठाचे सरासरी तापमान जुलैतच तीन ते चार अंशांनी जास्त असते, कारण त्या वेळी लवकर तापणारी उत्तरेकडील विस्तीर्ण जमीन सूर्यासमोर असते. जानेवारीतील जादा ऊर्जा बहुतांशी दक्षिणेकडच्या महासागरांवर पडते आणि पाण्याचे तापमान तिने फारसे वाढत नाही.

हिमरेषा
याच संदर्भात ध्रुवांचे उदाहरण द्यावेसे वाटते. २१ जूनच्या सुमारास उत्तर ध्रुवावर सूर्य चोवीस तास मावळत नाही. त्यामुळे वातावरणाच्या माथ्यावर त्या दिवसभरात पोहोचणारी एकूण ऊर्जा विषुववृत्तापेक्षाही जास्त असते. तरी तेथील हवा शून्य अंशाच्या आसपासच राहते. बर्फ बराच प्रकाश परत फेकतो आणि जो शोषला जातो त्यातील मोठा भाग बर्फ वितळवण्यातच खर्च होतो.

दक्षिण ध्रुवाकडे परिस्थिती आणखी कठोर आहे, कारण तेथे उंचीची भर पडते. दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते आणि अंटार्क्टिकाच्या हिमस्तराची सरासरी उंची दोन किलोमीटरहून अधिक आहे. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील वोस्तोक केंद्रात २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश नोंदले गेले. आर्क्टिकमध्ये बर्फाखाली महासागर आहे, ज्याचे पाणी उणे दोन अंशांच्या खाली जात नाही आणि पातळ बर्फातून हिवाळाभर थोडी ऊब वर देत राहते. वोस्तोकच्या पायाखाली मात्र साडेतीन किलोमीटरहून अधिक जाडीचा बर्फ आहे.