मदत हवी आहे : गोदावरीतील प्रवाह आणि पाण्याची प्रत एकाच वेळी, एकाच ठिकाणी कशी मोजावी?

नमस्कार,

नाशिक शहराच्या खालच्या अंगाला, निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या गावांमधले काही शेतकरी, माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षक आणि पाणी वापर संस्थांचे पदाधिकारी असे आम्ही एकत्र आलो आहोत. गंगापूर धरणापासून नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यापर्यंतच्या टप्प्यात नदीत पाणी किती आहे आणि ते कसे आहे, या दोन्ही गोष्टींची नियमित व एकत्रित नोंद ठेवण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. ज्या ठिकाणी हे काम अडते आहे, तिथे आम्हाला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

सध्या कोण काय मोजते, ते आधी मांडतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांहून दरमहा नमुने घेते. रामकुंड आणि तपोवन ही त्यांतली सर्वांना माहीत असलेली ठिकाणे. जलसंपदा विभाग धरणांतील साठा आणि विसर्ग रोज जाहीर करतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये नोंदवते. पुराचे म्हणाल तर नाशिककरांना आकड्याचीही गरज पडत नाही. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, एवढ्यावरून खालच्या गावांनी काय आवराआवर करायची ते ठरते. पण फेब्रुवारी ते जून या काळात, नदी सर्वांत अशक्त असताना, शहराखालच्या पात्रातून प्रत्यक्ष किती पाणी वाहते आहे हे आम्हाला कोणत्याही एका तक्त्यात सापडत नाही. प्रतीच्या अहवालात त्या दिवशीचा प्रवाह नसतो आणि विसर्गाच्या अहवालात पाण्याची प्रत नसते.

हे वेगळेपण केवळ कागदोपत्री गैरसोयीचे आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून एक कल्पित गणित देतो. समजा, शहरातून दिवसाला १०० दशलक्ष लिटर सांडपाणी नदीत येते आणि त्याची जैविक प्राणवायू मागणी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू), म्हणजे बीओडी, लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. वरून येणाऱ्या नदीच्या पाण्याची बीओडी २ धरू. वरून ५० क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) पाणी येत असेल तर ते दिवसाला सुमारे १२२ दशलक्ष लिटर होते आणि मिसळल्यानंतरची बीओडी १४ ते १५ च्या घरात जाते. आवर्तन, म्हणजे ठरावीक काळासाठी धरणातून सोडलेले पाणी, सुटून तोच प्रवाह ५०० क्युसेक झाला, तर तीच बीओडी ४ च्या आसपास उतरते. दोन्ही दिवशी शहराने नदीत टाकलेली घाण तेवढीच आहे. मात्र नमुना आवर्तनाच्या आठवड्यात घेतला की नदी सुधारलेली दिसते आणि आवर्तन बंद झाल्यावर घेतला की बिघडलेली. ज्या नदीचा उन्हाळ्यातील प्रवाह जवळजवळ पूर्णपणे धरणाच्या दरवाजांवर अवलंबून आहे, तिथे प्रवाहाची नोंद नसलेला बीओडीचा आकडा महिन्यामागून महिना नुसता मांडत गेल्याने काही निष्पन्न होईल असे मला वाटत नाही. आम्हाला मिलिग्रॅम प्रति लिटर हे प्रमाण तर हवेच आहे, पण त्याचबरोबर दिवसाला किती किलो भार नदीत येतो, हेही हवे आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यांत ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते आणि गोदावरीचा सोमेश्वर मंदिर ते राहेर हा पट्टा त्यांत आहे. स्नानाच्या पाण्याचे निकष सांगायचे तर विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी कमाल ३ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५ आणि मलजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत असणे इष्ट, कमाल २५००. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि रामकुंडाकडे सगळ्यांचे लक्ष जाणार हे स्वाभाविकच आहे. परंतु रामकुंडाच्या खालीही माणसे राहतात, गुरे पाणी पितात आणि द्राक्षबागा भिजतात. आवर्तन नसते तेव्हा आमच्या मोटारी जे पाणी उचलतात, त्यात आगरटाकळी आणि तपोवन येथील मलनिस्सारण केंद्रांतून सुटलेले आणि नासर्डी-वाघाडी या उपनद्यांतून आलेले पाणीच अधिक असते. आमच्या दृष्टीने पाण्याची उपलब्धता आणि पाण्याची प्रत हे दोन विषय नाहीतच.

उपलब्धतेला आणखी एक बाजू आहे. मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार आणि महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर गंगापूर, दारणा आदी वरच्या धरण समूहांतून पाणी सोडावे लागते. त्या वेळी टीएमसीत हिशेब होतो, वहनव्ययावर, म्हणजे वाटेत होणाऱ्या पाण्याच्या घटीवर, वाद होतात, नाशिक, नगर आणि मराठवाडा एकमेकांसमोर उभे राहतात. त्या टीएमसीबरोबर पैठणला काय वाहून गेले, याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. तो मागितला जावा अशी आमची मनापासून इच्छा आहे, आणि मागण्यासाठी आधी आपल्या हातात नोंदी हव्यात.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने, ३०० मिलिलिटरच्या बाटलीत, काठावरच स्थिर करतो. मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घातल्यावर पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो आणि नसेल तर तो पांढराच राहतो. सायखेड्याच्या पुलाच्या वरच्या बाजूला, जिथे पाणवेलींचा थर काठापासून काठापर्यंत साचतो, तिथे उजाडता उजाडता घेतलेल्या बाटलीत साका दुधासारखा पांढरा राहिलेला आम्ही पाहिला. सोबत नववी-दहावीतले विद्यार्थी होते. बाटली उजेडाकडे धरून ती मुले बराच वेळ पाहत राहिली. त्यांना निष्कर्ष वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

अडचणी मुख्यतः प्रवाहाच्या आहेत. आमच्या टप्प्यात ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे (फळ्या बसवून पाणी अडवणारे) बंधारे आहेत आणि सायखेडा-चांदोरीच्या खाली नांदूरमध्यमेश्वरचा फुगवटा लागतो, त्यामुळे पाणी तुंबलेले असते आणि पातळी पाहून प्रवाह किती ते कळत नाही. अशा पात्रात मापनाची जागा कशी निवडावी? दारणा मिळण्यापूर्वीचे आणि मिळाल्यानंतरचे पाणी वेगळे मोजायचे तर संगमापासून किती खाली जावे? सर्व ठिकाणचे नमुने एकाच वेळी घ्यावेत, की पाण्याच्या वेगाप्रमाणे पुढे सरकत घ्यावेत? कमी खर्चाचे, शाळेतील मुलांना आणि शेतकऱ्यांना झेपणारे मार्ग कोणी सुचविले तर फार बरे होईल. वाघाड प्रकल्पावर ओझर परिसरातील शेतकऱ्यांनी घनमापन पद्धतीने पाणी मोजून घेण्याची शिस्त बसवली, हे आमच्या समोरचे उदाहरण आहे. कालव्यावर ते जमले तर नदीवर का जमू नये, असे आम्हाला वाटते. मात्र नदी कालव्यासारखी आखीव नाही, आणि नेमके तिथेच आमचे ज्ञान अपुरे पडते.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद

नमस्कार सर. मी पाटबंधारे खात्यात असताना बराच काळ प्रवाहमापनाचे काम केले आहे, म्हणून माझ्या अनुभवाच्या कक्षेतले तेवढेच लिहितो.

फुगवट्यात प्रवाह मोजण्याचा नाद सोडावा. नमुना जिथून घ्यायचा तिथेच प्रवाह मोजायला हवा असे नाही. दोन्हींच्या मध्ये एखादा नाला, नदी किंवा मोठा उपसा नसला म्हणजे झाले. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, पात्र सरळ आहे, तळ खडकाळ आहे आणि पाणी एकाच धारेने वाहते आहे अशी जागा शोधा. बंधाऱ्यात फळ्या बसवलेल्या काळातली आणि काढलेल्या काळातली नोंद एकाच तक्त्यात मिसळू नका, कारण दोन्ही काळांत पातळी आणि प्रवाह यांचे नाते बदलू शकते. पुलाच्या खांबावर रंगाने मोजपट्टी आखा, तिचे शून्य जवळच्या एखाद्या पक्क्या खुणेशी जोडून ठेवा आणि रोज सकाळी ८ वाजता एकाच व्यक्तीने वाचन घ्यावे. पुरात पट्टी पुसली गेली तरी त्या खुणेवरून ती पुन्हा तशीच आखता येते. हे काम दिसते साधे, पण पुढची सगळी आकडेमोड यावर उभी राहते.

वेगमापक यंत्र मिळाले तर उत्तम. पात्राची रुंदी दहा-बारा भागांत विभागून प्रत्येक भागात, पाणी उथळ असल्यास पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पट खाली आणि खोल असल्यास ०.२ व ०.८ पट खाली वेग घ्यावा, आणि क्षेत्रफळाला वेगाने गुणून बेरीज करावी. यंत्र नसेल तर मोजलेल्या २० ते ३० मीटर अंतरात नारळ सोडा. तो बहुतांश बुडालेला राहतो, त्यामुळे वाऱ्याने फारसा ढकलला जात नाही. मिळालेल्या पृष्ठवेगाला साधारण ०.८५ ने गुणा. यात चूक राहते, परंतु ५० क्युसेक आणि ५०० क्युसेक यांतला फरक या पद्धतीने निश्चित कळतो, आणि आपण दिलेल्या गणितासाठी तेवढे पुरेसे आहे.

नमुन्यांच्या वेळेबद्दल आपण योग्य प्रश्न विचारला आहे. पाण्याबरोबर खाली सरकत गेल्यास एकाच पाण्याचा प्रवास कळतो, पण तुंबलेल्या पात्रात तो प्रवास कित्येक दिवसांचा होतो. म्हणून मी सुचवीन की ठिकाणे ठरलेली ठेवा आणि प्रत्येक ठिकाणाची वेळही ठरलेली ठेवा. पाणवेली आणि शेवाळ असलेल्या पाण्यात प्राणवायू पहाटे सर्वांत कमी व दुपारनंतर सर्वांत जास्त असतो. एका महिन्यात पहाटे आणि दुसऱ्या महिन्यात दुपारी नमुना घेतला, तर फरक नदीचा की घड्याळाचा हे सांगता येणार नाही. दारणा संगमानंतर दोन्ही धारा बराच काळ शेजारी शेजारी वाहतात. विद्युतवाहकता मोजण्याचे लहान यंत्र घेऊन काठापासून काठापर्यंत वाचने घ्या. ती सारखी आली की पाणी मिसळले असे समजा आणि तिथून नमुना घ्या. अमुक किलोमीटर खाली जावे असे आधी ठरवू नका, कारण दारणेतून आवर्तन सुटले की ती जागा सरकते.

नमुना धारेतून, पृष्ठभागाच्या साधारण एक फूट खालून, बाटलीचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे वरच्या अंगाला धरून घ्यावा. कोलिफॉर्मची बाटली निर्जंतुक केलेली असावी, ती बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. आपल्याकडे बीओडी २७ अंश तापमानात ३ दिवस ठेवून काढतात. जुन्या पुस्तकांत २० अंश आणि ५ दिवस असे आढळेल. ते आकडे आपल्या आकड्यांशेजारी मांडू नयेत. वरच्या धरणांचा विसर्ग, पर्जन्य आणि जुन्या मापन केंद्रांच्या नोंदींसाठी नाशिकमधील जलविज्ञान कार्यालयाकडे लेखी मागणी करा. तिथे नोंदी जपण्याची परंपरा चांगली आहे.

धागाकर्ता

साहेब, आपण वेळ काढून इतके नेमके लिहिलेत, त्याबद्दल आमच्या सर्वांच्या वतीने आभार मानतो. विद्युतवाहकतेचा उपाय आमच्या डोक्यात आला नव्हता आणि तो आम्हाला लगेच अमलात आणता येईल. बंधाऱ्यांतील फळ्या बसविण्या-काढण्याच्या तारखा पाणी वापर संस्थांच्या नोंदवहीत असतातच, त्या प्रवाहाच्या तक्त्याला जोडतो.

आता दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे, २७ अंशांवर स्थिर राहणारी पेटी आमच्या शाळांकडे नाही. नाशिक, पिंपळगाव बसवंत किंवा निफाड येथील एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभागात महिन्यातून एकदा आमच्या बाटल्या तीन दिवस ठेवता आल्या, तर बीओडीचा प्रश्न सुटेल. बाटल्या आणि रसायने आमची असतील, पोहोचविण्याची जबाबदारीही आमची असेल आणि सर्व आकडे त्या विभागाला विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी खुले राहतील. दुसरी म्हणजे, विंकलर पद्धतीत प्राणवायू मोजताना वापरायचे सोडियम थायोसल्फेटचे द्रावण ठेवून ठेवून कमजोर होते, त्यामुळे ते पोटॅशियम डायक्रोमेटने वारंवार प्रमाणित करावे लागते. गावातील उन्हाळ्यात ते किती दिवसांनी करावे आणि द्रावण टिकण्यासाठी काय काळजी घ्यावी, हे प्रयोगशाळेत रोज काम करणाऱ्या कोणी सांगितले, तर पुढच्या आवर्तनाच्या आधी आमची तयारी पूर्ण होईल.