पिकअप रात्री कुठे उभी करता: बंद गाळा, पत्र्याचं शेड की उघडं अंगण?

मंडळी, नाशिक जिल्ह्यात पिकअप नाही असं गाव शोधावं लागेल. टोमॅटोची कॅरेट, कांद्याच्या गोण्या, द्राक्षांच्या पेट्या, अंबडच्या कारखान्यांतले सुटे भाग, सगळं तिच्याच हौद्यात. ही गाडी कुठे उभी करावी यावर मात्र दोन तट आहेत. एक म्हणतो, गाळ्यात कोंडलेली गाडी लवकर सडते. दुसरा म्हणतो, उघड्यावरची गाडी ऊनच खातं. गाड्या दुरुस्त करणारे, शेड उभारणारे, वायरिंगवाले आणि रोज माल वाहणारे यांनी इथे लिहावं. मोजमापं, कारणं आणि नेमकं काय बिघडतं एवढंच हवं आहे.

सातपूर, बॉडी आणि चेसीचं काम

प्रश्न छपराचा नाहीच, हवेचा आहे. लोखंडाला गंज चढायला पाणी साचावंच लागतं असं नाही. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की गंजाचा वेग वाढतो, आणि उबदार जागेत तो आणखी वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये भिजलेली, चिखलाने माखलेली गाडी शटर लावून बंद गाळ्यात ठेवली की ते पाणी रात्रभर जातं कुठे? गाळ्यातल्या हवेतच राहतं आणि सकाळी परत पत्र्यावर बसतं. उघड्यावरची गाडी पाऊस थांबल्यावर वाऱ्याने दोन-तीन तासांत सुकते. पावसाळ्यात बंद गाळा उघड्या अंगणापेक्षा वाईट, असं म्हणतो ते त्यामुळे.

पिकअप सडते ती ठरलेल्या जागी: दरवाज्याची खालची कड, केबिनच्या मागच्या भिंतीचा खालचा जोड, हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या जिथे चेसीवर बसतात ती सांध, आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) शॅकलजवळ, म्हणजे त्या चेसीला टांगतात त्या कडीजवळ. दरवाज्याच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजतात आणि दरवाजा आतून कुजतो. महिन्यातून एकदा प्लास्टिकची काडी घालून ती मोकळी करा. तार घालू नका, आतला रंग खरवडला जातो. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साचतात, ती हाताने काढा, नाहीतर पाणी ब्लोअरमधून पायाखालच्या मॅटखाली उतरतं. मॅट वरून कोरडी दिसते, खाली पत्रा चाळणी झालेला असतो.

खालून डांबरी कोटिंग मारायची पद्धत आहे. ते वाळून तडकतं, तडीत पाणी शिरतं आणि कोटिंगच्या आड गंज झाकून राहतो. मेणाचं कोटिंग मऊ राहतं. ते एप्रिल-मेमध्ये, गाडी धुऊन दोन दिवस उन्हात वाळवल्यावर मारावं. पाट्यांवर जळकं ऑइल फवारणारे तर पुष्कळ. गंज थांबतो थोडा, पण पाट्यांचे रबरी बुश ऑइलने फुगून फाटतात.

निफाड, द्राक्ष आणि कांदा

आमच्या भागात पावसापेक्षा थंडी आणि गारपीट यांचा विचार आधी करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. बाजारासाठी पहाटे चारला गाडी काढायची तर उघड्यावरच्या गाडीची काच दवाने पांढरी, बॅटरी सुस्त आणि इंजिन ऑइल जाड झालेलं. चावी फिरवल्यावर हीटरचा (डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा, मगच स्टार्टर मारा. दिवा विझायच्या आत दहा-दहा सेकंद स्टार्टर ओढणं म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही मारणं. एका वेळी पाच सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती. शेडला भिंती नसल्या तरी डोक्यावर छप्पर असलं की दव काचेवर फारसं बसत नाही. रात्री उघड्या आकाशाकडे उष्णता निघून जाते म्हणून पत्रा हवेपेक्षा थंड होतो आणि दव धरतो. छप्पर नेमकं तेच अडवतं.

गारपीट फेब्रुवारीपासून कधीही येते. बागेसाठी जाळी असेल तर तिचा जास्तीचा तुकडा पाइपच्या सांगाड्यावर ताणून गाडीवर टाका. काच आणि बॉनेट वाचतं, ऊनही थोडं कमी होतं. जाळी गाडीच्या टपापासून दोन-अडीच फूट वर हवी. टपाला टेकलेली जाळी गार अडवत नाही.

घोटी-इगतपुरी रस्ता, दूध आणि भात वाहतूक

निफाडकरांचं गणित आमच्याकडे चालत नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे "वाऱ्याने सुकेल" म्हणून उघड्यावर ठेवलेली गाडी जून ते सप्टेंबर सुकतच नाही. छप्पर पाहिजेच, पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू बंद पाहिजे, बाकीच्या दोन मोकळ्या.

ओल्या गाडीला रात्री हँडब्रेक लावू नये. ड्रमला लायनर (ब्रेकच्या आतल्या घासणाऱ्या पट्ट्या) चिकटतात आणि सकाळी चाक फिरत नाही. पहिल्या गियरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. उतारावर उभी असेल तर ठोकळा चार इंचांपेक्षा कमी नको. आणि गाडी लावण्याआधीच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा, ड्रम तापून आतलं पाणी उडतं.

आडगाव, फॅब्रिकेशन

शेड बांधणारे मोजतात फक्त गाडी. पिकअप साधारण १७ फूट लांब, आरशांसकट साडेसहा फुटांच्या आसपास रुंद. मग १८ बाय ८ चं शेड मारतात आणि फाळका (हौद्याचं मागचं झडप) खाली पाडायला जागाच उरत नाही. आतून २२ बाय १२ घ्या. दोन्ही दरवाजे पूर्ण उघडले पाहिजेत, मागे फाळका पडून माणूस उभा राहिला पाहिजे. फाटक १० फूट. उंची मोजताना रिकामी गाडी मोजू नका, रचलेली कॅरेट मोजा. खालच्या बाजूला साडेदहा-अकरा फूट ठेवा.

पत्र्याचा उतार दहाला एक, म्हणजे १२ फुटांत सव्वा फूट. त्याहून कमी दिला की वळवाच्या पावसात पाणी जोडातून आत मारतं. खांबाचे खड्डे अडीच फूट तरी, आणि काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभा केलेला खांब दोन वर्षांत कलतो, फाटक घासायला लागतं आणि लोक बिजागरीला दोष देतात. मे महिन्याचं वादळ पत्रा खाली दाबत नाही, वर उचलतं. म्हणून स्क्रूंना रबरी वॉशर हवेत आणि कडेच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर एक स्क्रू हवा.

जमीन हा भाग लोक उरकून टाकतात, आणि निम्मा खेळ तिथेच आहे. मातीची जमीन रात्रभर खालून ओल सोडते, ती थेट चेसीला लागते. सहा इंच मुरूम पाणी मारून ठोकून घ्या, वर जाड प्लास्टिक कागद, त्यावर चार इंच काँक्रीट. उतार शंभराला एक, २२ फुटांत अडीच इंच, फाटकाकडे. अंगणापेक्षा जमीन चार इंच वर. काँक्रीट परवडत नसेल तर जाड खडी पसरा, मातीपेक्षा हजार पटीने बरी.

चारही बाजू बंद करायच्याच असतील, चोरीमुळे म्हणा, तर भिंत जमिनीपासून एक फूट वर सुरू करा आणि छपराखाली एक फूट मोकळं ठेवा, दोन्हीकडे जाळी. खालून थंड हवा येते, वरून दमट हवा जाते.

दिंडोरी, कृषी निविष्ठा

वर कोणी लिहिलं नाही म्हणून: शेडमध्ये गाडीशेजारी काय ठेवता ते बघा. पोटॅश म्हणजे क्लोराइडचं मीठ. फुटलेल्या गोणीची धूळ ओल्या चेसीवर बसली की समुद्रकाठच्या गाडीसारखा गंज धरते. युरिया हवेतलं पाणी ओढतो. मोरचूद तर लोखंडाचा वैरीच. त्याचं पाणी पत्र्यावर सांडलं की तांब्याचा लालसर थर बसतो आणि खालचं लोखंड विरघळत जातं. बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचं) पिंप हौद्यातून आणलं असेल तर त्याच संध्याकाळी हौदा भरपूर पाण्याने धुवा, पट्ट्यांच्या सांध्यांत पाइप धरून. गाडी गोठ्याला किंवा कोंबड्यांच्या शेडला लागून ठेवली तर अमोनियाने वायरींची तांब्याची टोकं हिरवी पडतात.

कांदाचाळीशेजारचं शेड म्हणजे उंदरांना आमंत्रण. ते वायर खायला येत नाहीत, ऊब शोधत बॉनेटखाली येतात आणि दात घासायला वायर कुरतडतात. डांबराच्या गोळ्यांनी चार दिवस फरक पडतो. पाव इंची जाळीने खालच्या फटी बंद करा, हौद्यातली सांडलेली मका, बाजरी झाडून काढा, आणि आठवड्यापेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर बॉनेट उघडं ठेवा. अंधार आणि आडोसा गेला की ते दुसरीकडे जातात.

द्वारका, ऑटो इलेक्ट्रिक

बॅटरी बसण्याचा दोष लोक थंडीला देतात. बहुतेक वेळा खरं कारण जीपीएस, टेप आणि मागून जोडलेल्या दिव्यांची गळती असतं. मीटर लावून मोजा: गाडी बंद, दरवाजे बंद, बॅटरीच्या वजा टोकाशी मालिकेत मीटर. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ५० म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ७५ ची बॅटरी महिन्याभरात निम्मी रिकामी. गळती २०० असेल तर आठवड्याभरातच तेवढी.

रात्रभर विसावलेल्या बॅटरीचं व्होल्टेज १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा, तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेट कडक होतं. उन्हाचा मारा थंडीपेक्षा वाईट: एप्रिल-मेमध्ये उघड्यावर तापलेल्या गाडीत बॅटरी आपोआप रिकामी व्हायचा वेगही वाढतो आणि पाणीही उडतं. काढताना वजा टोक आधी, जोडताना शेवटी, आणि चावी बंद केल्यावर पाच मिनिटं थांबून. काढलेली बॅटरी फरशीवर ठेवली तर उतरते ही जुन्या रबरी पेट्यांच्या काळची गोष्ट. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशी काही करत नाही.

पंचवटी, किरकोळ वाहतूक

शहरात शेड कुणाकडे आहे? सोसायट्या मालवाहू गाडी आत घेत नाहीत. घेतलीच तर पार्किंगच्या उंचीची पाटी बघू नका, सर्वांत खाली लोंबणाऱ्या पाइपाची उंची मोजा.

पावसाळ्यात गोदाकाठी, गौरी पटांगणावर, गांधी तलावाजवळ रात्री गाडी लावू नका, आकाश निरभ्र असलं तरी. पाऊस त्र्यंबकेश्वरला पडतो आणि गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी इथे चढतं. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं. दुतोंड्या मारुतीच्या (गोदापात्रातली मूर्ती, पूर तिच्यावरून मोजतात) गुडघ्याला पाणी लागलं की गाडी वर न्यायची, कमरेची वाट बघायची नाही. पाण्यात बुडालेली गाडी चुकूनही स्टार्ट करू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि स्टार्ट केल्यामुळे झालेलं ते नुकसान विमा कंपनी सहसा नाकारते. गियर न्यूट्रल, बॅटरीचं वजा टोक काढलेलं, आणि उचलून गॅरेजला.

ओझर, सीएनजी किट

सीएनजीची पिकअप असेल तर बंद गाळ्याचा विचार सोडाच. हा वायू हवेपेक्षा हलका, छपराखाली साचतो आणि हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो. वरची एक फूट मोकळी जाळी तुमच्यासाठी सक्तीची समजा. दिव्याचं बटण छपराजवळ नको. रात्री टाकीवरचा हातव्हॉल्व्ह बंद करा. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी, पट्टीवरची तारीख बघा.

धागाकर्ता

एक राहिलं. सिन्नर बाजूला पाऊस कमी, शेडही नाही, चिंचेखाली लावतात आणि वरून ताडपत्री बांधतात. चालेल का?

सातपूर

सावली म्हणून चिंच ठीक, आंबा नको. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा टपकतो, त्यावर काळी बुरशी चढते. पाखरांची विष्ठा त्याच दिवशी पाण्याने भिजवून काढा, कोरडी खरवडली तर रंग जातो. ताडपत्री केबिनवर बांधू नका. वाऱ्याने ती दिवसभर घासते आणि कडांवरचा रंग महिन्याभरात पांढरा पडतो. हौद्यावर बांधायची तर कमानी लावून, दोन्ही टोकं मोकळी ठेवून. आणि गाडीचं मागचं टोक चार बोटं खाली राहील अशी उभी करा, हौद्यातलं पाणी फाळक्याच्या फटीतून निघून जातं.