मदत हवी आहे: क्रॉसिंग चुकलं की रद्दच झालं होतं?

अमेरिकेत आयएफआरवर (उपकरणांच्या आधारे उडण्याचे नियम) सेसना १८२ हे छोटं विमान घेऊन उतरत होतो. कंट्रोलर आधी म्हणाला ‘अमुक फिक्स ६,००० फुटांवर क्रॉस करा’ (फिक्स म्हणजे मार्गावरचा ठरलेला बिंदू), मग ट्रॅफिकमुळे ‘८,००० वर राहा’, शेवटी नुसतं ‘५,००० पर्यंत उतरा’. क्रॉसिंगचा पुन्हा उल्लेख नाही. फिक्सवर उंचीची सुई ६,७०० वर, आणि लगेच ‘पॉसिबल पायलट डेव्हिएशन’ (पायलटकडून नियमभंग झाला असावा) म्हणत कंट्रोलरने फोन करायला नंबर दिला!

एआयएमप्रमाणे (अमेरिकी विमान-नियामक एफएएची पायलट-मार्गदर्शिका) कंट्रोलरने दिलेली उंची बदलली की जुनं बंधन पुन्हा सांगितल्याशिवाय लागू नसतं, असं मी समजतो. रीडबॅक (सूचना परत म्हणून दाखवणं) बरोबर होता, रेकॉर्डिंग ठेवलंय, नासाचा एएसआरएस (पायलटने स्वतःहून घटना कळवण्याची सुरक्षा-योजना) रिपोर्टही १० दिवसांच्या आत दिलाय. फोन मात्र अजून केलेला नाही, धीरच होत नाही.

असा फोन कुणी केलाय का? हा मुद्दा तिथेच मांडावा, की आधी एव्हिएशन वकिलाला विचारावं?