मुरगळलेला घोटा: क्रेप की टेप?

काळीमाती: खो-खोच्या सरावात एका पोराच्या पायावर क्रेप, म्हणजे ताणणारी कापडी पट्टी, दिसली आणि जुना धडा आठवला. पोटरीकडून खाली गुंडाळलेली, टाच उघडी! पट्टी बोटांकडून वर जाते. १० सेंमीची घ्या, पाऊल काटकोनात धरा. बोटांच्या मुळाशी दोन वेढे, मग घोट्यावरून इंग्रजी आठासारखे. प्रत्येक वेढ्यानं आधीचा अर्धा झाकायचा. तुमच्याकडं काय करतात?

बालाघाटी: टाच उघडी म्हणजे सूज तिथंच गोळा. टम्म.

मैदानीगडी: क्रेप दाब देते, घोटा धरून ठेवत नाही. खेळायचं तर न ताणणारी झिंक ऑक्साइड टेप, ३.८ सेंमी. केस काढा, पाय कोरडा करा, खाली अंडररॅप, म्हणजे कातडी वाचवणारा पातळ फोमचा थर. पोटरीखाली अँकर, म्हणजे बाकीच्या पट्ट्या धरणारा वेढा, मग तीन रिकिबीसारख्या पट्ट्या: आतल्या घोट्याकडून टाचेखालून बाहेर वर ओढत. उलटी ओढली तर पाऊल आत वळतं, म्हणजे जे टाळायचं तेच. शेवटी दोन्हीकडून हील लॉक, म्हणजे टाच जखडणारे तिरपे वेढे.

साधीनर्स: ताज्या सुजेवर ही टेप नकोच. सूज वाढते, टेप ताणत नाही, बोटं निळी पडतात. पहिले दोन-तीन दिवस क्रेप, झोपताना सोडायची. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला पाहिजे. मुंग्या आल्या तर लगेच सोडा.

गोदाकाठ: परभणीच्या उन्हात टेप? घामानं अर्ध्या तासात ढिली.

मैदानीगडी: हाव. मध्यंतराला परत लावा. रोल डिकीत ठेवू नका, डिंक सुटतो.

पिवळीज्वारी: खेळाडू लावतात त्या रंगीत किनेसिओ टेपचं कुणीच बोलंना

साधीनर्स: ती ताणते, घोटा रोखत नाही. कोपरे गोल कापा, टोकं न ताणता चिकटवा, वरून चोळा म्हणजे डिंक धरतो. निळी काय, गुलाबी काय, काम एकच.

बालाघाटी: गुलाबी लावली की कॅप्टन हसतो 😄

गोदाकाठ: आणि हळद-चुना?

साधीनर्स: चुन्यानं कातडी भाजते. लेपावर टेप धरत नाही. आणि पहिले तीन दिवस चोळणाऱ्याकडं जाऊ नका!

काळीमाती: सगळे पट्टीवरच भांडायलेत, आधी हाड बघा की. घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड, टोकापासून वर ६ सेंमी, दाबून बघा. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावरचा उंचवटा, आणि आतल्या बाजूला कमानीवरचं हाडही. यातलं एक जरी दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्सरे.

पिवळीज्वारी: कोजागरीला तुळजापूरला पायी निघायचंय, दुखणं महिन्यापूर्वीचं. टेप?

मैदानीगडी: एवढ्या चालीला लेसचा ब्रेस, म्हणजे नाडीनं आवळायचा घोट्याचा पट्टा. मोज्यावर घाला, वाटेत आवळता येतो. आत्तापासून रोज एका पायावर ३० सेकंद उभं राहा, जमलं की डोळे मिटून. धरायला भिंत जवळ ठेवा.

गोदाकाठ: येताना कवड्याची माळ आणा हो, दोन

पिवळीज्वारी: आणते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आले