मॅट्रिक्स बायॉलॉजीचं केंद्र: आधी यंत्रं की माणसं?

प्रश्न: विद्यापीठात एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्ससाठी, म्हणजे पेशींना धरून ठेवणाऱ्या त्यांच्या बाहेरच्या जाळ्यासाठी, वेगळं संशोधन केंद्र हवं म्हणून प्रस्ताव लिहितेय. पेशींवर काम करणारे बरेच आहेत, पेशींभोवतालच्या कोलॅजनला, म्हणजे या जाळ्यातल्या मुख्य प्रथिनाला, मात्र कुणी वाली नाही. पैसे आधी कशासाठी मागू?

उत्तर १: माणसांसाठी, ताई. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात वेलकम ट्रस्ट या संस्थेच्या निधीतून १९९५ मध्ये सुरू झालेलं केंद्र पेशी आणि मॅट्रिक्स याच विषयाला वाहिलेलं; असा एकाच विषयाचा ध्यास हवा. खरी मेख म्हणजे मॅट्रिक्स सहजी विरघळत नाही. नेहमीच्या बफरमध्ये (क्षारांच्या द्रावणात) ऊती वाटून सेंट्रीफ्यूज केली, म्हणजे यंत्रात गरगर फिरवली, की कोलॅजन तळाच्या गाळात बसतं, वरचं पाणी घेऊन गाळ टाकून देतात. अहो, तुमचा सगळा विषय त्या गाळात आहे! तो युरियात सोडवून मास स्पेक्ट्रोमेट्रीपर्यंत (वस्तुमानावरून प्रथिनं ओळखण्याच्या तंत्रापर्यंत) नेणारा कुशल माणूस पक्क्या पगारावर ठेवा. प्रकल्प संपला की असं माणूस निघून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

उत्तर २: सहमत. यंत्रांत पहिला टू-फोटॉन मायक्रोस्कोप मागा. त्यातल्या सेकंड हार्मोनिकमुळे (लेसरचा प्रकाश तंतूंवर पडून दुप्पट वारंवारतेचा होऊन परत येतो) कोलॅजनचे तंतू रंग न लावताही दिसतात. आणि प्रस्तावात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या शास्त्रज्ञांचं १९५४चं काम जरूर लिहा: कोलॅजनची तिहेरी मळसूत्री रचना मद्रास विद्यापीठातून मांडली गेली.