जुने मित्र ख्रिस्ती नाहीत म्हणून तोडायचे का? प्लीज सांगा

होटगीरोडकर:
सलाम सगळ्यांना. मी सोलापूरचा, वय 27, चार वर्षं पुण्यात काढून मागच्या वर्षी परत आलो, आता एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. पुण्यात चर्च सुटलंच होतं, इथं परत उपासनेला जायला लागलो, तरुण संघात पण आहे आणि मनापासून सांगतो, खूप बरं वाटतंय. पण शाळेपासूनचे आम्ही चौघं, बाकी तिघं ख्रिस्ती नाहीत, त्यांचं शनिवारी रात्री बसणं असतं, ते मी सोडलं आणि हळूहळू फोनच बंद झाले. संघात सगळे म्हणतात बरं झालं, विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका असं वचनच आहे.
आता त्यातल्या एकाचे वडील परवा गेले. काका लूमवर होते, रात्रपाळी करून आले तरी सकाळी माझ्या सायकलच्या मागं सीट धरून पळायचे. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर मी त्यांच्याच घरी झोपायला. मातीला गेलो नाही. आठ महिने बोललो नाही, आता कुठल्या तोंडानं जाऊ असं झालं. काय करू?

जुळेसोलापूरची काकू:
बाळा, आधी जा. बाकीचं नंतर वाच.
बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. पुढं तोंड उघडलं तेव्हाच त्यांचं चुकलं! त्यामुळं काय बोलू याची काळजी करू नको, नुसता बस. आणि नीतिसूत्रे 27:10 काढून बघ, आपला मित्र आणि आपल्या बापाचा मित्र यांना सोडू नको असं लिहिलंय, त्यात मित्र कुठल्या मंडळीतला ते विचारलेलं नाही. आमचे हे गेले तेव्हा शेजारच्या वहिनी पहाटे चहाचं पातेलं आणि कडक भाकऱ्या, शेंगाचटणी घेऊन आल्या, तेरा दिवस माझी चूल पेटू दिली नाही, त्या रोज सिद्धरामेश्वराला जाणाऱ्या. मी ते कधी विसरणार नाही.

बार्शीरोड_77:
वचनाबद्दल बोलतो. 2 करिंथ 6:14 मधला, म्हणजे पौलाच्या पत्रातला, विजोड म्हणजे जू. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात 22:10 मध्ये बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नको म्हटलंय, शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळतं, दोघांची चाल वेगळी, दोघांची मान सोलते. हे लग्नाला लावा, धंद्यातल्या भागीदारीला लावा, मला मान्य आहे. पण मैत्री म्हणजे जू नाही. त्याच पौलानं 1 करिंथ 5:10 मध्ये स्पष्ट लिहिलंय, की जगातल्या लोकांशी संबंधच ठेवायचा नाही असं मी म्हणत नाही, तसं असतं तर तुम्हाला जगातूनच निघून जावं लागलं असतं. आणि प्रभू येशूला लोक काय म्हणायचे? जकातदारांचा आणि पापी लोकांचा मित्र. संघातल्या पोरांना हे वाचून दाखव, भांडू नको फक्त.

नवीपेठ_ताई:
सगळं पटतं पण एक सांगते, शनिवारचं बसणं सोडलंस ते बरोबरच केलंस, त्यात मागं येऊ नकोस. माझा भाऊ “फक्त सोबत बसतो” म्हणत म्हणत त्यात अडकला, बाहेर काढायला घरच्यांची तीन वर्षं गेली. तुझं चुकलं ते इतकंच की बसणं का सोडतोय ते त्यांना सांगितलं नाहीस. ते बिचारे समजले असतील की पुण्याहून आल्यापासून ह्याला आम्ही नकोसे झालो. तोंडावर खरं बोलणं हे पण प्रेमच आहे ना.

होटगीरोडकर:
काल कामावरून तसाच गेलो. दारात चपला काढेपर्यंत पाय थरथरत होते. तो बघत राहिला आणि म्हणाला, आलास होय, ये. माफ कर म्हणालो, पुढं बोलताच आलं नाही, तासभर दोघं ओट्यावर बसलो. निघताना त्याच्या आईनं नेहमीसारखं तेलुगूत विचारलं, जेवलास का. शनिवारचं पण सांगितलं त्याला. तो म्हणाला मग रविवारी संध्याकाळी तुझं चर्च झाल्यावर कंबर तलावाकडं ये, बाकीच्यांना मी आणतो. ताई, काकू, दादा, मनापासून आभार. दहाव्याला सुट्टी टाकलीय.