मदत हवी आहे: क्रॉसबॅक अरोवाना खरा कसा ओळखायचा? (उद्या पैसे द्यायचेत)

गंगावेस_गडी:
नमस्कार मंडळी. अरोवाना मासा घेतोय. दुकानदार क्रॉसबॅक जातीचा म्हणतोय. खरा आहे का आणि क्वालिटी कशी आहे तेवढं सांगा. उद्या दुपारपर्यंत बाकीचे पैसे दिले नाहीत तर दुसरं गिऱ्हाईक उचलणार आहे. माहीत असणाऱ्यांनीच बोला. "अरोवाना कशाला, गप्पी पाळा" असलं काही नको.

टँकवाला_इचल:
फोटो?

सायकलवाले_काका:
गप्पी पाळा. डास तरी खातात.

मत्स्यमास्तर:
अहो, साईज किती? किंमत किती? कागद आहेत का? टाकीत लाईट कुठला? तुम्ही "मासा आहे" एवढंच सांगितलंय.

गंगावेस_गडी:
फोटो काढू देत नाही, फ्लॅशनं बिचकतो म्हणे. वीतभर आहे. रंग म्हणाल तर गुजरीत सोनाराच्या शोकेसला ठेवला तरी खपेल. किमतीचं सोडा, ते माझं मी बघतो. खरा का खोटा तेवढं सांगा.

मत्स्यमास्तर:
वीतभर म्हणजे सात-आठ इंच धरतो. हा मासा दोन-अडीच फूट होतो, म्हणजे हे अजून पोरगं आहे. या वयात रंगावर भाळायचं नाही, खवल्यांच्या रांगा मोजायच्या. पोटाकडून सुरू करा, सगळ्यात खालची पहिली. आरटीजी म्हणजे रेड टेल गोल्डन, हा सुमात्राचा. त्याचं सोनं चौथ्या रांगेपर्यंत चढतं आणि थांबतं, वरची पाठ जन्मभर काळपट. क्रॉसबॅक मलेशियाचा. त्याचं सोनं पाचवी-सहावी रांग चढून पाठ ओलांडतं, म्हणून तर ते नाव. सात इंचाला पाठ भरलेली दिसणार नाही, पण पाचव्या रांगेतल्या खवल्यांना बारीक सोनेरी कड धरलेली दिसली पाहिजे, साडीला जर असते तशी. आणि या दोघांच्या मधे हायबॅक असतो, दोघांचा संकर. तो दुकानात आला की क्रॉसबॅक होतो.

आता क्वालिटी. जात अस्सल असून मासा भिकार असू शकतो. समोरून बघा, दोन्ही मिशा सरळ आणि सारख्या आहेत का. खालचा जबडा किती पुढे आलाय. डोळा खाली लोंबलाय का. कल्ल्याचं झाकण सपाट पाहिजे, कड बाहेर मुडपलेली नको. मग पाच मिनिटं नुसतं पोहणं बघा, पर ताठ उघडतो का दुमडून फिरतो ते.

आणि लाईटचं अजून सांगितलं नाहीत.

रेड_शौकीन:
सोनेरी घेऊच नकोस भावा. सुपर रेड घे, नाद खुळा! इंडोनेशियात पश्चिम कालिमंतानमधल्या कापुआस नदीचा मासा. चिली रेडचं डोकं चमच्यासारखं आणि शेपूट चौकटच्या आकाराची. माझा बघायला लोक सांगलीहून येतात.

मत्स्यमास्तर:
@रेड_शौकीन, तुझा चार वर्षांनी लाल झाला ते पण सांग की. पिल्लू असताना सुपर रेड आणि बंजर रेड यांत भल्याभल्यांची फसगत होते. बंजर मोठेपणी पिवळट-नारिंगीच राहतो.

रेड_शौकीन:
साडेतीन वर्षं. आणि झाला ना?

सौ_अनघा_के:
टाकी ईशान्येला ठेवा. आमच्या जाऊबाईंनी दक्षिणेला ठेवली होती, त्यांचं दुकान दोन वर्षांत बंद पडलं.

सायकलवाले_काका:
वहिनी, दुकान रस्ता रुंदीकरणात गेलं होतं, तुम्हीच मागच्या धाग्यात लिहिलंय.

टँकवाला_इचल:
डोळा लोंबायचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पाण्यावर टेबल टेनिसचे बॉल सोडा. मासा वर बघत राहतो, डोळा ठिकाणावर येतो.

मत्स्यमास्तर:
दहा वर्षं बॉल सोडून बघितले. बॉल फिरतात, डोळा तिथंच. जास्त चरबीचं खाणं बंद करा आधी.

टँकवाला_इचल:
माझ्या माशाचा सुधारला. तुमचे बॉल खराब असतील.

तांबडा_पांढरा:
खायला कसा लागतो?

वकील_राजारामपुरी:
सगळे खवले मोजताय, मुद्द्याचं कोणीच विचारत नाही. आशियाई अरोवाना, म्हणजे तुमचा क्रॉसबॅकही, सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात १९७५ पासून आहे. रानातून पकडलेला विकताच येत नाही, नोंदणी केलेल्या फार्मवर पैदास झालेलाच चालतो. अशा प्रत्येक माशाच्या अंगात चिप असते आणि तोच नंबर फार्मच्या सर्टिफिकेटवर. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, त्यात हा मासा चौथ्या अनुसूचीत येतो. घेतल्यापासून ३० दिवसांत सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. गडी, चिप स्कॅन करून दाखवली का त्यानं?

रेड_शौकीन:
वकीलसाहेब, घरातल्या टाकीत कोण बघायला येतंय?

वकील_राजारामपुरी:
तूच लिहिलंयस वर, सांगलीहून लोक येतात.

गंगावेस_गडी:
गल्लोगल्ली अरोवाना विकतात, त्यांना कुठला कायदा?

मत्स्यमास्तर:
तो सिल्व्हर. दक्षिण अमेरिकेतला, वेगळा मासा, त्याला हे लागू नाही. ओळखायला सोपा. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर लांबलचक, थेट शेपटीला जाऊन भिडतात आणि शेपूट एवढीशी. आशियाईची शेपूट मोठी, सुटी, पाठीवरचा पर आखूड आणि खवले रुपयाएवढे. आणि एक लक्षात ठेवा. आरटीजी, क्रॉसबॅक, रेड, ग्रीन, सगळ्यांचं शास्त्रीय नाव एकच, स्क्लेरोपेजेस फॉर्मोसस. त्यामुळे ते नाव कागदावर दाखवून "बघा, क्रॉसबॅक" म्हणत असेल तर त्यानं काहीच सिद्ध होत नाही. लाईट कुठला, हे तिसऱ्यांदा विचारतोय.

गंगावेस_गडी:
लाल-गुलाबी ट्यूब आहे, पाण्यात बुडवलेली. त्याचं काय?

मत्स्यमास्तर:
तेच तर! त्या ट्यूबखाली पापलेटसुद्धा सोन्याचं दिसेल. ट्यूब बंद करायला लावा, साध्या उजेडात बघा. टाकीची मागची बाजू काळी का पांढरी तेही बघा, मासा त्याप्रमाणे गडद-फिका होतो.

गंगावेस_गडी:
बंद करायला सांगितलं तर म्हणाला, माशाला सवय आहे, शॉक बसेल. जाऊ दे, उद्या जातोच आहे.

तांबडा_पांढरा:
मी सिरियसली विचारलं होतं.

गंगावेस_गडी:
अपडेट. आज गेलो तर शाहूपुरीत लाईट गेलेली. शटर वर केलेलं, दारातून उजेड येत होता. दोन मिनिटं वाटलं मासा बदललाय. जस्ताच्या पत्र्यासारखा पांढरट-करडा. गुडघ्यावर बसून खालून मोजलं. एक, दोन, तीन, चार, इथपर्यंत फिकट सोनं. पाचव्या रांगेला कड नाही, काही नाही, नुसतं काळपट. परत मोजलं. मालक म्हणाला, "साहेब, मोजायला खवले आहेत का नोटा?" तेवढ्यात लाईट आली आणि परत गुजरी.

सर्टिफिकेट मागितलं. झेरॉक्स दिली, नंबरच्या जागी मशीनची काळी पट्टी आलीय. स्कॅनर नाही म्हणतो. "चिप आत आहे, दिसणार कशी?"

वकील_राजारामपुरी:
झेरॉक्सवर पैसे देऊ नका. मूळ सर्टिफिकेट आणि स्कॅनरवर आलेला नंबर, दोन्ही समोरासमोर जुळले पाहिजेत.

मत्स्यमास्तर:
आरटीजी असेल, तोही चांगला असेल. आरटीजी वाईट मासा नाही, क्रॉसबॅकच्या भावात वाईट. किंमत आता तरी सांगा.

गंगावेस_गडी:
दीड लाख. मामाच्या नव्या शोरूमसाठी आहे, पैसे मामाचे. दहा हजार इसार मी माझ्या खिशातून दिलाय.

सायकलवाले_काका:
मामाला सांगितलंस का?

गंगावेस_गडी:
काका, प्लीज.

टँकवाला_इचल:
इसार परत माग.

गंगावेस_गडी:
मागितला. देत नाही. त्या दहा हजारात फ्लॉवरहॉर्न मासा घेऊन जा म्हणतोय, वर फिल्टर फुकट. फ्लॉवरहॉर्न चांगला कसा ओळखायचा? उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय.

टँकवाला_इचल:
फोटो?